महाकाय रोबोंचा कंटाळा असलेल्या प्रेक्षकाने पाहिलेला 'पॅटलेबर २'

कोरा कागद

(कथानक शेवटापर्यंत उघड केले आहे. ज्यांना चित्रपट आधी पाहायचा आहे त्यांनी इथेच थांबावे.)

महाकाय रोबोंचे ॲनिमे, म्हणजे जपानी ॲनिमेशनपट, मला आवडत नाहीत. ते लहान मुलांसाठी असतात म्हणून नव्हे. लहान मुलांसाठी केलेल्या कितीतरी गोष्टी मी आजही आनंदाने पाहतो. माझा आक्षेप या प्रकाराच्या मुळाशी असलेल्या एका गृहीतकावर आहे. १९५६ मध्ये सुरू झालेल्या मित्सुतेरू योकोयामा यांच्या 'तेत्सुजिन २८' या चित्रकथेत एक मुलगा दूरनियंत्रकाने अजस्र रोबो चालवत असे. १९७२ मध्ये आलेल्या 'माझिंगर झेड'मध्ये गो नागाई यांनी मुलाला थेट यंत्राच्या डोक्यात नेऊन बसवले, आणि तेव्हापासून हा सगळा प्रकार एकाच स्वप्नावर जगत आला आहे : जगाचे भवितव्य एका माणसाच्या हातातल्या दांड्यावर ठरते, आणि तो माणूस बहुधा शाळकरी वयाचा असतो. सरकार, सैन्याची उतरंड, कायदा, रसद हे सारे त्या क्षणी गळून पडते. 'गंडाम'ने १९७९ मध्ये रोबोंच्या युद्धाला राजकारण दिले, यंत्राला दारूगोळ्याची आणि दुरुस्तीची गरज दिली, हे मला मान्य आहे. परंतु तिथेही सगळे येऊन थांबते ते कॉकपिटमधल्या एका मुलापाशीच. शिवाय या मालिकांचा पैसा बहुतेक वेळा खेळणी विकणाऱ्या कंपन्यांकडून येत असल्यामुळे दर भागात रोबो बाहेर निघालाच पाहिजे आणि लढलाच पाहिजे, असा दंडक होता. खुद्द 'गंडाम'ला प्रेक्षक आणि खेळण्यांचा खप या दोन्ही आघाड्यांवर मार खाल्ल्यामुळे ४३ भागांतच आटोपते घ्यावे लागले होते.

एवढा पूर्वग्रह मनात ठेवून मी मामोरू ओशिई दिग्दर्शित 'पॅटलेबर २' पाहिला. तो ऑगस्ट १९९३ मध्ये जपानमध्ये प्रदर्शित झाला. पटकथा काझुनोरी इतो यांची आणि संगीत केंजी कावाई यांचे आहे. हीच मंडळी दोन वर्षांनी 'घोस्ट इन द शेल' करणार होती. ज्यांना या मालिकेचे जग ठाऊक नाही त्यांच्यासाठी थोडक्यात सांगतो. टोकियोच्या उपसागरात भराव घालण्याचे प्रचंड काम निघालेले आहे, त्यासाठी 'लेबर' नावाची माणसासारख्या घडणीची अवजड यंत्रे सर्रास वापरली जातात, त्यांच्या मदतीने गुन्हेही होतात, आणि म्हणून पोलिसांनाही स्वतःच्या लेबरची तुकडी ठेवावी लागते. पोलिसांचा 'इंग्रॅम' साधारण ८ मीटर उंच आहे, म्हणजे १८ मीटरच्या गंडामच्या निम्मासुद्धा नाही.

चित्रपटाचा पहिला प्रसंग १९९९ सालातला आहे. आग्नेय आशियातल्या जंगलात संयुक्त राष्ट्रांच्या शांतिसेनेतली जपानी लेबर-तुकडी कोंडीत सापडली आहे. शत्रू चालून येतो आहे, यंत्रांवर शस्त्रे आहेत, चालक तयार आहेत, आणि तुकडीचा प्रमुख युकिहितो त्सुगे गोळीबाराची परवानगी मागतो आहे. ती मिळत नाही. कुमक येईपर्यंत थांबण्याचा आदेश येतो आणि तुकडी जागच्या जागी नष्ट होते. एकटा त्सुगे वाचतो. कॉकपिटमधल्या माणसाच्या हातात दांडा आहे, पण निर्णय त्याच्या हातात नाही. तो शेकडो मैलांवरच्या कुठल्या तरी खोलीत आहे, आणि त्या खोलीलाही तो घ्यायचा नाही. ज्या स्वप्नाचा मला कंटाळा आहे ते स्वप्न ओशिई यांनी श्रेयनामावली सुरू होण्याआधीच मोडून टाकले, आणि मी सावरून बसलो.

पुढची कथा २००२ च्या हिवाळ्यात घडते. योकोहामाच्या बे ब्रिजवर एक क्षेपणास्त्र येऊन आदळते. दूरचित्रवाणीवरच्या चित्रफितीत हवाई दलाचे विमान दिसते, आणि मग कळते की ती फीतच बदललेली असावी. काही दिवसांनी हवाई संरक्षणाच्या पडद्यावर टोकियोच्या दिशेने निघालेली लढाऊ विमाने दिसू लागतात. हा संपूर्ण प्रसंग नियंत्रणकक्षातल्या रेषा, ठिपके आणि आवाज यांच्यावर रचलेला आहे. अडवायला गेलेल्या विमानांशी संपर्क तुटतो, शहरावर विमान पाडावे लागेल की काय अशी वेळ येते, शस्त्र वापरण्याची परवानगी दिली जाते, आणि शेवटी आकाशात कुणीच नव्हते असे निष्पन्न होते. एकही स्फोट न दाखवता इतका ताण निर्माण केलेला युद्धपट मी क्वचित पाहिला आहे. हल्ला खोटा असला तरी त्याने केलेले काम खरे असते. पोलीस आणि संरक्षण दल एकमेकांकडे संशयाने पाहू लागतात, पोलिसांचे वरिष्ठ नको तेवढा उत्साह दाखवतात, आणि सरकार शेवटी सैन्यालाच राजधानीच्या रस्त्यांवर आणून उभे करते.

त्यानंतरची काही मिनिटे मला सर्वांत महत्त्वाची वाटतात, कारण त्यांत काहीच घडत नाही. चौकाचौकांत रणगाडे उभे आहेत, बर्फ पडू लागले आहे, आणि नोकरदार माणसे नेहमीसारखी कामावर निघाली आहेत. मुले सैनिकांना हात हलवून दाखवतात. कुणी घाबरलेले नाही, कुणी विरोधही करत नाही. वेढा पडलेले शहर वेढ्यालाच हवामानासारखे स्वीकारते, आणि कावाई यांचे संथ संगीत त्या दृश्यांना कुठलीही भावना सुचवण्याचे नाकारते.

याच्या आधी पोलिसांच्या लेबर-तुकडीचा प्रमुख गोतो आणि स्वतःला संरक्षण दलाचा गुप्तवार्ता अधिकारी म्हणवणारा आराकावा यांचा नावेतला संवाद येतो. आराकावाचे म्हणणे असे की जपानची शांतता दुसऱ्या देशांतल्या युद्धांवर पोसलेली आहे. युद्धाचे फायदे पदरात पाडून घ्यायचे आणि युद्ध मात्र पडद्यावरच पाहायचे, याची किंमत कधीतरी मोजावी लागेल. गोतो ही शांतता स्वच्छ आहे असा दावाच करत नाही. ती कितीही संशयास्पद असली तरी ती राखणे हे माझे काम आहे आणि न्याय्य युद्धापेक्षा अन्याय्य शांतता बरी, एवढेच तो म्हणतो. यावर आराकावा विचारतो की या दोहोंमधली रेषा तुला स्पष्ट दिसते का. हा प्रश्न चित्रपट सोडवत नाही, आणि पुढे आराकावा स्वतःच त्सुगेने रचलेल्या या कटातला निघाल्यामुळे तर तो अधिकच अवघड होतो, कारण खोट्या माणसाने मांडले म्हणून ते म्हणणे खोटे ठरत नाही.

आता तक्रार. इतका वेळ आवरून धरलेला हा चित्रपट शेवटी भुयारात जातो आणि तिथे रोबोंची लढाई होते. पोलीस मुख्यालय निकामी झाले आहे, पूल तुटले आहेत, संपर्कयंत्रणा बंद आहे, आणि जुन्या तुकडीतली मोजकी माणसे वरिष्ठांचा आदेश नसताना आपली जुनी यंत्रे घेऊन शहर वाचवायला निघतात. निर्णय कॉकपिटच्या बाहेर असतो, हे दीड तास इतक्या चिवटपणे दाखवल्यानंतर तो निर्णय पुन्हा कॉकपिटमध्ये आणून ठेवायची काय गरज होती? खेळण्यांच्या दुकानाची थकबाकी चुकती करावी तशी ही लढाई मला वाटली.

शेवटचा बाक

लेख आवडला, पण मग हा रोबोपट आहे असे म्हणायचेच कशाला? तुमच्या वर्णनावरून हा राजकीय थरारपट दिसतो आणि त्याच्या वेष्टनावर रोबोचे चित्र आहे. तुम्हाला आवडलेल्या एकाही प्रसंगात रोबो नाही, आणि जिथे तो येतो तिथे तुम्हाला खटकतो. म्हणजे या प्रकाराविषयीचे तुमचे मत जिथल्या तिथेच राहिले.

दक्षिणवारा

'शेवटचा बाक' यांच्या मुद्द्याशी मी असहमत आहे, आणि मूळ लेखकाशीही थोडा. पहिल्याच प्रसंगातून लेबर काढून तिथे साधे रणगाडे ठेवून पाहा. प्रसंग घडेल, पण त्याचा आघात निम्म्यावर येईल. या प्रकारावर वाढलेला प्रेक्षक पडद्यावर दोन पायांचे सशस्त्र यंत्र पाहिले की आता ते उठणार आणि सगळ्यांना वाचवणार अशी खात्री बाळगून असतो. ती खात्री उभी राहण्यासाठी आधी वीस-पंचवीस वर्षे शेकडो रोबोंनी शेकडो शहरे वाचवावी लागली होती. ओशिई त्याच ठेव्यावर डल्ला मारतात.

थोडी पार्श्वभूमी सांगतो. 'पॅटलेबर' ही ओशिई यांची एकट्याची निर्मिती नाही. 'हेडगिअर' या नावाने पाच जण एकत्र आले होते : चित्रकथाकार मासामी युकी, यंत्ररचनाकार युताका इझुबुची, पात्ररचनाकार अकेमी ताकादा, लेखक इतो आणि दिग्दर्शक ओशिई. १९८८ मध्ये आलेल्या पहिल्या व्हिडिओ-मालिकेचा सूर चक्क विनोदी आहे. पोलीस ठाण्यातल्या कंटाळ्याच्या, जेवणाच्या आणि कागदपत्रांच्या गोष्टी तिथे रोबोइतक्याच मन लावून सांगितल्या आहेत. यंत्र रस्त्यावर आणायचे तर ते ट्रेलरवर झोपवून न्यावे लागते आणि वाटेत वाहतूक अडकते. लढाईत कुणाची भिंत पडली की भरपाई आणि चौकशी मागे लागते. तेव्हा तुम्ही म्हणता ती सरकारी उतरंड 'पॅटलेबर'मध्ये १९९३ साली अवतरलेली नाही. ती या मालिकेच्या हाडामांसात आधीपासून आहे. त्याच व्हिडिओ-मालिकेत ओशिई यांनी दोन भागांची एक कथा केली होती, जिच्यात संरक्षण दलातला एक गट बर्फाळ टोकियोत उठाव करतो आणि त्याचा सूत्रधार गोतोचा जुना परिचित असतो. 'पॅटलेबर २' म्हणजे त्याच कथेचे, हसू पुसून टाकलेले, दुसरे लेखन आहे.

राहिला प्रश्न रोबोंच्या अनुपस्थितीचा. मालिकेची नायिका नोआ इझुमी ही आपल्या इंग्रॅमला पाळीव प्राण्याचे नाव देणारी, यंत्रावर जीव असलेली मुलगी. या चित्रपटाच्या आरंभी ती कारखान्यात चाचणीचालक म्हणून बसलेली दिसते आणि तिच्या जुन्या यंत्रातून फक्त आकडेवारी गोळा केली जात असते. पुढे ती सांगते की आपल्याला कायम केवळ लेबर आवडणारी मुलगी होऊन राहायचे नाही. रोबोपटाच्या नायिकेच्या तोंडी हे वाक्य यावे, यात या प्रकारावरची सगळी टीका आली आहे, आणि ती आतल्या माणसाने केलेली आहे. राजकीय थरारपटात या वाक्याला काहीच वजन राहिले नसते.

निशीकासाईकर

मी टोकियोच्या पूर्व भागात राहतो, जिथे बरीच भारतीय कुटुंबे आहेत आणि जिथून समुद्र आणि भराव जमिनी दोन्ही जवळ आहेत. पाण्याविषयी लिहायचे आहे, कारण धाग्यात अजून कुणी त्याचा उल्लेख केलेला नाही.

या चित्रपटाचे टोकियो पाण्यावरून पाहिलेले टोकियो आहे. रोजच्या जगण्यात इथल्या माणसाला शहर रेल्वेच्या डब्यातून दिसते. कालवे मागच्या बाजूला असतात, त्यांच्यावर द्रुतगती मार्गाचे खांब उभे असतात, आणि इमारती पाण्याकडे पाठ करून बसलेल्या असतात. गोतो आणि आराकावा यांना नावेत बसवून ओशिई आपल्याला शहराची ती पाठ दाखवतात. तो संवाद कचेरीत झाला असता तर तो निव्वळ वाद ठरला असता. इथे आराकावा जिच्यावर आरोप करतो ती समृद्धी, गोद्या, गोदामे, अर्धवट बांधलेले मनोरे या रूपाने, दोघांच्या मागून संथपणे सरकत राहते.

पुलांचेही तसेच. योकोहामाचा बे ब्रिज सप्टेंबर १९८९ मध्ये खुला झाला होता, म्हणजे चित्रपट आला तेव्हा तो अवघा चार वर्षांचा होता आणि भरभराटीच्या काळाची शान समजला जात होता. टोकियोतला रेनबो ब्रिज तर चित्रपट प्रदर्शित झाल्यानंतर त्याच महिन्यात वाहतुकीला खुला झाला. ज्या उन्हाळ्यात शहर नव्या पुलाचे कौतुक करत होते त्याच उन्हाळ्यात चित्रपटगृहात पूल पाडले जात होते. त्सुगेची माणसे हेलिकॉप्टरमधून पूल आणि संपर्काची केंद्रे उद्ध्वस्त करतात तेव्हा त्यांना माणसे मारण्यात फारसा रस नाही हे लक्षात येते. शहराचे अवयव एकमेकांपासून तोडायचे, एवढाच त्यांचा हेतू दिसतो.

आणि बर्फ. २६ फेब्रुवारी १९३६ रोजी तरुण लष्करी अधिकाऱ्यांनी सुमारे दीड हजार सैनिकांसह बर्फात मध्य टोकियो ताब्यात घेतले होते, मंत्र्यांची हत्या केली होती आणि काही दिवसांतच त्यांचा उठाव चिरडला गेला होता. बर्फ आणि खांद्यावर बंदूक घेतलेला सैनिक ही दोन चित्रे एका चौकटीत आली की जपानी प्रेक्षकाला दुसरे काही सांगावे लागत नाही. फरक इतकाच की १९३६ चे सैनिक बंडखोर होते, आणि चित्रपटात सैन्य सरकारनेच बोलावलेले आहे.

एक उल्लेख राहिला. चित्रपटात विषारी वायूची धमकी असलेली हवाई जहाजे शहरावर तरंगत राहतात. मार्च १९९५ मध्ये टोकियोच्या भुयारी रेल्वेत सरीनचा हल्ला झाला. चित्रपटाने भाकीत केले वगैरे मी म्हणणार नाही, पण त्यानंतर ही दृश्ये पाहणे इथल्या लोकांना पूर्वीसारखे राहिले नसणार.

अनुस्वार

पहिल्या प्रसंगाच्या पार्श्वभूमीबद्दल थोडी भर घालतो, कारण माझ्या मते मूळ लेखातला मुख्य मुद्दा तिथे जरा घाईने मांडला गेला आहे.

जपानच्या संसदेने शांतिसेनेत सहभागाचा कायदा जून १९९२ मध्ये संमत केला. संविधानाच्या नवव्या कलमानुसार युद्धाचा अधिकार सोडून दिलेल्या देशाने आपले सैनिक परदेशात पाठवावेत की नाही, यावर तिथे मोठा वाद झाला होता. त्याच वर्षीच्या सप्टेंबरात संरक्षण दलाची अभियांत्रिकी तुकडी कंबोडियात रस्ते आणि पूल दुरुस्त करायला गेली. एप्रिल आणि मे १९९३ मध्ये तिथे एक जपानी स्वयंसेवक आणि एक जपानी पोलीस अधिकारी मारले गेले, आणि ऑगस्टमध्ये हा चित्रपट आला. पटकथा त्याआधीच तयार झालेली असणार हे उघड आहे, पण चित्रपटगृहात बसलेल्या माणसाच्या मनात त्या दोन बातम्या ताज्या होत्या.

मुद्दा असा की त्या कायद्यात शस्त्र वापरण्याचा निर्णय कुणाचा होता? १९९२ च्या मूळ कायद्यानुसार तो प्रत्येक सैनिकाचा वैयक्तिक निर्णय होता! स्वतःच्या आणि सोबत्यांच्या जिवाच्या रक्षणापुरताच शस्त्राचा वापर, आणि तोही ज्याचा त्याने ठरवायचा. वरिष्ठाने गोळीबाराचा हुकूम दिला तर ते राज्याने केलेल्या बळाच्या वापरासारखे दिसेल आणि संविधानाशी टक्कर होईल, अशी ती कसरत होती. १९९८ मध्ये दुरुस्ती करून वरिष्ठ जागेवर असेल तर त्याच्या आदेशानेच शस्त्र वापरावे, असे ठरले. चित्रपटातला त्सुगे वरून परवानगी मागतो आणि ती नाकारली जाते. वास्तवातल्या सैनिकाला मात्र राज्याने सांगितले होते की आम्ही काही ठरवणार नाही, तुझे तू पाहा. म्हणजे 'कोरा कागद' यांना खोटे वाटणारे, जबाबदारी एकट्या माणसावर येऊन पडल्याचे ते चित्र काही वर्षे जपानच्या कायद्यातच होते, आणि ते वीरतेचे नव्हे तर हात झटकण्याचे चित्र होते.

कोरा कागद

'अनुस्वार', आपण दिलेल्या माहितीने माझा आक्षेप अधिक टोकदार होतो. माझी तक्रार एकट्या माणसावर जबाबदारी येते अशी नव्हतीच. ती आल्यावर सगळे सोपे होते, अशी होती. कॉकपिटमधल्या मुलाला फक्त धैर्य लागते. कायद्याने एकट्या पडलेल्या सैनिकाला धैर्य असूनही काही उपयोग नाही, कारण त्याने गोळी झाडली तरी तो अडचणीत आणि न झाडली तरी अडचणीत. रोबोपटाने मला ही दुसरी परिस्थिती कधी दाखवलेली नव्हती.

'दक्षिणवारा', प्रेक्षकाच्या खात्रीचा मुद्दा पटला, पण त्यातून 'शेवटचा बाक' यांचा प्रश्न सुटत नाही. एखाद्या प्रकाराची उत्तम कृती त्या प्रकाराने दिलेले वचन मोडूनच उभी राहात असेल, तर ते त्या कृतीचे यश झाले. प्रकाराच्या खात्यावर ते कसे जमा करायचे? शिवाय भुयाराबद्दल कुणीच बोललेले नाही.

त्यात आणखी एक जोडतो. पोलिसांच्या वरिष्ठांच्या बैठकीत गोतो जे बोलतो ते मला फार आवडले होते : आघाडीपासून जितके दूर जावे तितकी वस्तुस्थितीची जागा आशावाद घेतो, आणि सर्वोच्च पातळीवर तर वस्तुस्थिती बऱ्याचदा अस्तित्वातच नसते, विशेषतः युद्ध हरत असताना. पण हेच म्हणून तो बाहेर पडतो आणि आदेशाविना मोहीम काढतो. त्सुगेनेही नेमके हेच केले होते. वरच्यांना वास्तव दिसत नाही, म्हणून आपण आपल्या माणसांना घेऊन कृती करायची. मग गोतो आणि त्सुगे यांच्यात फरक काय? चित्रपटाला हा प्रश्न पडलेला दिसत नाही, कारण तेवढ्यात यंत्रे सुरू होतात.

रेवाकाठ

चित्रपटाला तो प्रश्न पडलेला आहे, आणि त्याचे उत्तर नागुमोच्या हातात आहे.

या धाग्यावर शिनोबू नागुमोचे नावही अजून कुणी घेतलेले नाही, याचे मला आश्चर्य वाटते. ती पोलिसांच्या पहिल्या लेबर-तुकडीची प्रमुख आहे, लेबरच्या प्रशिक्षणात त्सुगे तिचा गुरू होता, तो विवाहित असताना त्यांचे संबंध होते आणि त्याची किंमत तिच्या कारकिर्दीने मोजली. भुयारातून निघून भराव जमिनीवर ती एकटी पोहोचते. त्सुगे समुद्रपक्ष्यांच्या गर्दीत उभा राहून दुरून शहराकडे पाहत असतो. ती त्याला अटक करते, एक बेडी त्याच्या मनगटात आणि दुसरी स्वतःच्या, आणि त्याच वेळी दोघांची बोटे एकमेकांत गुंततात. गोतो आणि त्सुगे यांच्यातला फरक इथे दिसतो. त्सुगेने आपल्या मृत सैनिकांचा अनुभव एका शहरावर लादला. ज्यांनी काही केले नव्हते त्यांना युद्ध कसे असते ते दाखवायचे, म्हणून. नागुमो आणि गोतो नियम मोडतात, पण मोडून शेवटी जे करतात ते पोलिसाचे अगदी नेमून दिलेले काम आहे : अटक. कुणाला धडा शिकवणे नाही, राज्य उलथवणे नाही. आणि अटक करणारीने स्वतःलाही त्याच बेडीत घेतले आहे.

दक्षिणवारा

भुयाराबद्दल माझे म्हणणे. तिथे पहारा देणारी यंत्रे कुणाची आहेत ते आठवा. त्या लेबरमध्ये चालकच नाहीत. कॉकपिट रिकामे नाही. मुळात कॉकपिटच नाही. पहिल्या प्रसंगात यंत्रात माणूस आहे, तो परवानगी मागतो, ती मिळत नाही आणि तो मरतो. शेवटच्या प्रसंगात यंत्रात माणूस नाही, त्याला कुणाला विचारायचे नाही, समोर आलेल्यावर ते गोळ्या झाडते. त्सुगेने आपल्या तुकडीच्या मृत्यूतून काढलेला निष्कर्ष म्हणजे ही यंत्रे. परवानगीची वाट पाहणारा माणूसच साखळीतून काढून टाकला की प्रश्न मिटला! त्यांच्यासमोर जुने, काढून टाकलेले इंग्रॅम येतात, ज्यांच्या आत घाबरलेली, एकमेकांशी बोलणारी माणसे आहेत. त्या लढाईत वीरश्री जवळजवळ नाही. ओशिई ती अरुंद, अंधारी आणि गैरसोयीची ठेवतात. इंग्रॅमची पुरती मोडतोड होते, आणि एवढे होऊन साधते काय, तर एका स्त्रीला उद्वाहनापर्यंत पोहोचवणे. खेळणे विकायचे असते तर कुणी आपला नायक-रोबो असा भंगारात काढला असता का?

निशीकासाईकर

एक छोटी भर. या चित्रपटातल्या दृश्यचौकटींच्या आराखड्यांवर ओशिई यांनी पुढे वेगळे पुस्तकच केले, आणि ते आराखडे काढणाऱ्यांत सातोशी कोन होते, ज्यांनी नंतर स्वतःचे चित्रपट केले. भुयाराच्या प्रसंगात कॅमेरा किती खाली ठेवला आहे ते पुन्हा पाहावे. यंत्र मोठे दिसण्याऐवजी छत जवळ आलेले दिसते.

शेवटचा बाक

काल रात्री पाहिला. पहिला भाग न पाहता काही अडले नाही, फक्त जुनी मंडळी पुन्हा जमतात तेव्हा जो आनंद व्हायला हवा तो मला झाला नाही. पहिला भागही पाहावा का?

दक्षिणवारा

जरूर पाहावा. १९८९ च्या चित्रपटात लेबर चालवणाऱ्या नव्या संगणकप्रणालीत तिच्या निर्मात्याने घातपात पेरून ठेवलेला असतो, आणि तो निर्माता पहिल्याच दृश्यात आत्महत्या करतो, त्यामुळे पोलीस मेलेल्या माणसाचा हेतू शोधत टोकियोच्या पाडल्या जाणाऱ्या जुन्या वस्त्यांतून फिरतात. तो अधिक मोकळा आणि अधिक गमतीदार आहे, आणि त्यात लढाईही खरीखुरी आहे. 'कोरा कागद' यांना तो बहुधा कमी आवडेल.

कोरा कागद

तो पाहिला आहे, आणि कमीच आवडला.

'दक्षिणवारा', चालक नसलेल्या यंत्रांचा मुद्दा मी लक्षात घेतला नव्हता असे नाही, परंतु त्याला आपण देता तेवढे वजन चित्रपट देतो का, याबद्दल मला शंका आहे. ती यंत्रे माणसाविना आहेत हे आपल्याला कळते. पण त्याचा अर्थ काय यावर चित्रपट क्षणभरही थांबत नाही, आणि हा तोच चित्रपट आहे जो नावेतल्या दोन माणसांच्या बोलण्यावर इतका वेळ थांबू शकला होता. आपला अन्वय सुंदर आहे, पण त्यातला बराच भाग आपण स्वतः घातलेला आहे.

'रेवाकाठ' यांचे म्हणणे मात्र मला खोडता येत नाही. अटकेचा मुद्दा योग्य आहे. फक्त मग माझी एक नवी तक्रार नोंदवून ठेवा : नागुमोकडे चित्रपटाचा नैतिक भार इतका होता, तर मधला जवळजवळ तासभर ती गोतोच्या शेजारी गप्प का उभी आहे? आराकावाशी वाद घालायला नावेत गोतो एकटा जातो. त्सुगेला ओळखणारी, त्याच्यामुळे नुकसान सोसलेली आणि तरीही त्याला समजू शकणारी व्यक्ती तीच होती. तो संवाद तिच्याशी व्हायला हवा होता.

रेवाकाठ

ती नावेत असती तर आराकावा ते भाषण करूच शकला नसता. त्सुगेच्या तत्त्वज्ञानाची वकिली त्सुगेला जवळून पाहिलेल्या बाईसमोर कोण करील? तिने एकच प्रश्न विचारला असता, की हे सगळे त्याने तुला सांगितले की तू त्याच्या वतीने रचलेस, आणि चित्रपट तिथेच संपला असता. आराकावा गोतोला गाठतो, कारण गोतोला असल्या चर्चेची आवड आहे आणि आराकावाला ते ठाऊक आहे. शेवटी परत येताना एक पोलीस अधिकारी त्सुगेला विचारतो की एवढे झाल्यावर तू जिवंत का राहिलास, आणि तो म्हणतो की या शहराचे पुढे काय होते ते आणखी थोडा वेळ पाहायचे होते. नावेतल्या तमाम युक्तिवादांच्या तुलनेत हे उत्तर किती साधे आहे पाहा. त्यात न्याय्य युद्ध नाही की अन्याय्य शांतता नाही. आराकावाने त्याच्या नावावर जे खपवले त्यातले किती खरोखर त्याचे होते, हे मला त्या उत्तरानंतर सांगता येत नाही.